भोक सरळ पडलं पाहिजे

(आमच्या भागातल्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘घरगुती उद्योगासाठी यंत्राची निवड’ असा विषय छापला आहे. छापणाऱ्याला खरा विषय लिहायला संकोच वाटला असावा. खरा विषय एवढाच आहे की लाकडाला भोक पाडायचं मशीन, दुकानात ज्याला बेंच ड्रिल किंवा पिलर ड्रिल म्हणतात, ते थोडक्या पैशात कसं निवडायचं. सकाळच्या सत्रात पोटगी, मारहाण, जमिनीवर नाव लावणं अशा भारी विषयांवर बोलणं झालं आणि आता ही बाई उठून भोकांवर बोलणार, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यात गैर काही नाही. दोन वर्षांपूर्वी मीही मागच्या रांगेत बसून हळूच हसले असते.

आमच्या गटात एक बाई आहे. तिला मी इथे नुसतं सुतारताई म्हणणार आहे, कारण तिची केस अजून कोर्टात आहे आणि नाव घ्यायचं नाही असं तिनं मला बजावलं आहे. सुताराची लेक. वडिलांच्या पडवीत वाढली. करवतीचं दुसरं टोक धरायला ती, सरस शिजवायला ती, रंध्याचा भुसा चुलीसाठी भरून ठेवायला ती. हत्यार हातात दिलं ते भावाच्या. तिचं लग्नही सुताराच्याच घरात झालं, नवऱ्यानं टाकली, दोन मुलं घेऊन माहेरी आली. तोवर वडील गेले होते, भाऊ फर्निचरच्या कामासाठी शहरात गेला होता, आणि पडवीत हत्यारं गंजत पडली होती. तिनं ती घासून पुसून लावली आणि पोळपाट करायला लागली. नंतर बालवाडीची खेळणी. बचत गटातल्या आणखी आठजणी तिच्यात येऊन मिळाल्या. पडवीचा कारखाना झाला म्हणा, तेवढाच.

आमच्या तालुक्यातल्या बालवाड्यांकडून एक ऑर्डर आली: खुंट्यांचे फलक, नग चाळीस. शिवणीची फळी, तिच्यावर पाच ओळीत पाच अशी पंचवीस भोकं, प्रत्येकात एक खुंटी, आणि मुलांनी त्या खुंट्यांत रंगीत कड्या घालायच्या. चाळीस पंचवीसे हजार. हजार भोकं! गिरमिटानं हजार भोकं पाडून बघा. (गिरमिट हा शब्द आपण डोकं खाणाऱ्या माणसाला का वापरतो ते मला त्या आठवड्यात कळलं.)

मग मशीन घ्यायचं ठरलं. पैसे कुठून आणायचे? प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्यातल्या अठरा व्यवसायांत सुतार आहेत, खेळणी करणारेही आहेत. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत आहे, पहिलं कर्ज एक लाखाचं पाच टक्क्यांनी. मी मोठ्या उत्साहानं तिला घेऊन सेवा केंद्रावर गेले. पण योजनेचा लाभ एका कुटुंबात एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. घटस्फोट झालेला नाही, रेशनकार्डावर नाव अजून सासरचंच, आणि नवऱ्यानं आपलं नाव आधीच नोंदवलेलं. ज्या माणसानं घराबाहेर काढलं, त्याच्याच कुटुंबात ती कागदावर सुखानं नांदत होती. केंद्रातला मुलगा वाईट नव्हता. त्यानं पडदा आमच्याकडे वळवून दाखवला आणि म्हणाला, “ताई, इथं पुढं जातच नाही.”

तेव्हा गटाच्या बचतीतून पैसे काढायचे ठरले. नऊजणींचे, दर महिन्याला शंभर शंभर करून साठलेले. हे पैसे कुणाचे आहेत हे डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

आम्ही दोघी जिल्ह्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बरोबर टेम्पोचा ड्रायव्हर, वय वर्षं एकोणीस. दुकानदार सगळं त्या पोराशी बोलला. पोराला भोक आणि बीळ यांतला फरक माहीत नसावा, पण तो मान हलवत होता. आम्ही विचारलं की सरळ भोक पाडायला काय घ्यावं, तर दुकानदारानं हातात धरायचं साधं ड्रिल आणि ते उभं बसवायचा एक स्टँड पुढे ठेवला. “काकू, घरच्या कामाला हेच पुरतं.” ड्रिल सव्वीसशे, स्टँड पंधराशे. आणि मी, समाजकार्यात मास्टर्स केलेली, तहसीलदारापासून फौजदारापर्यंत सगळ्यांना उलटे प्रश्न विचारणारी मी, बरं म्हणाले. एकदाही हात लावून बघितलं नाही. सुतारताईनं स्टँडचं हँडल एकदा धरून हलवलं, तिच्या कपाळाला आठी पडली, पण मी पाकीट उघडलं होतं. तिला वाटलं ताई शिकलेली आहे, तिला कळत असेल. मला वाटलं दुकानदाराला कळत असेल. आणि दुकानदाराला वाटलं की यांना काय कळणार!

चाळीसातले एकतीस फलक परत आले. खुंट्या तिरक्या. कुणाची डावीकडे मान, कुणाची उजवीकडे, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारख्या. भोक एक अंशानं कललं तर बोटभर जाडीच्या फळीत काही दिसत नाही, पण त्यात दहा सेंटिमीटरची खुंटी ठोकलीत की तिचं टोक पावणेदोन मिलिमीटर सरकतं. दोन अंश कललं तर साडेतीन. शेजारची खुंटी उलट्या बाजूला झुकलेली असेल तर कडी घालायला पोराला दोन्ही हात लागतात. एकतीस फळ्यांचं लाकूड गेलं, तीन आठवड्यांची मजुरी गेली. गटाच्या बैठकीत एकजण म्हणाली, “मशीन हे बायकांचं काम नव्हेच.” तिला रागावता येईना, कारण तिचे पैसे होते.

मग मी एक गोष्ट केली जी आधी करायला हवी होती. सुतारताईला विचारलं, की दुकानात हँडल हलवलंस तेव्हा काय दिसलं होतं? ती म्हणाली, “जात्याचा खुंटा ढिला झाल्यावर पाळ कशी हालते, तसं हालत होतं.”

बस. ड्रिल मशीनची अर्धी परीक्षा या एका वाक्यात आहे. बाकीची अर्धी आम्ही पुढच्या दोन महिन्यांत गोळा केली. दोन फॅब्रिकेशनवाल्यांकडे, एका रिटायर झालेल्या आयटीआयच्या सरांकडे आणि पुण्यात बोहरी आळीत एक अख्खा दिवस घालवून. या वेळी ड्रायव्हरला टेम्पोतच बसवलं होतं.

आता मशीन कसं असतं ते सांगते. खाली जड पाया, त्यात उभा लोखंडी खांब, खांबावर वर डोकं आणि मध्ये वरखाली होणारं टेबल. डोक्याच्या मागच्या बाजूला मोटर, पुढच्या बाजूला चक, म्हणजे ज्या जबड्यात बिट धरतात तो. मोटर आणि चक यांच्यामध्ये पट्टा, आणि पट्ट्यासाठी दोन्हीकडे पायऱ्यापायऱ्यांच्या पुल्या. हँडल ओढलं की फिरता चक सरळ खाली येतो. झालं. यात गूढ काही नाही. आपल्यापैकी किती जणींच्या घरी पायांनी चालवायचं शिलाई मशीन होतं? त्यात पट्टा आहे, चाक आहे, दांडा आहे, वरखाली होणारी सुई आहे. तेल आपण घालतो, पट्टा आपण आवळतो, सुईची उंची आपण लावतो. तरी कुणी विचारलं तर आपण सांगतो की मशीनमधलं आपल्याला काही कळत नाही. शिवणाचं मशीन जणू पोळपाटासारखं घरातलं भांडंच.

निवडताना पहिला प्रश्न आकाराचा. आपल्याकडे ही मशीन्स १३, २० किंवा २५ मिलिमीटर अशी ओळखली जातात. हा आकडा मशीन केवढ्या भोकाला पुरेल ते सांगतो, आणि तो लोखंडाच्या हिशेबानं असतो. दुकानदार मोठं दाखवेल, “पुढं उपयोगी पडेल” म्हणेल. घरच्या लाकूडकामाला १३ पुरे. खेळण्याच्या चाकाला ३५ मिलिमीटरचं खोलगट भोक हवं असलं तरी फॉर्स्टनर नावाचं जे बिट येतं, त्याची दांडी बारीकच असते, ती १३ च्या चकात बसते. जास्तीचे पैसे त्या आकड्यावर घालू नका.

त्याऐवजी टेप घेऊन चकाच्या मध्यापासून खांबापर्यंतचं अंतर मोजा. फळीच्या कडेपासून किती आत भोक पाडता येईल ते या अंतरानं ठरतं. आम्ही घेतलेल्या मशीनवर ते सहा इंच आहे, म्हणजे बारा इंच रुंद फळीच्या मध्यापर्यंत पोचता येतं, मग फळी फिरवून घ्यायची. स्वस्तातल्या छोट्या मशीन्सवर हे चार इंचच भरलं होतं आणि आमची फळी दहा इंचांची! बाहेरच्या ओळी झाल्या असत्या, मधली राहिली असती. दुसरं, हँडल पूर्ण ओढल्यावर चक किती खाली येतो ते मोजा. दोन इंच म्हणजे काटकसर आहे, तीन असेल तर बरं.

मग हात लावायचा. प्लग काढलेला हवा, हे आधी. हँडल ओढून चक पूर्ण खाली आणा आणि चक मुठीत धरून डावीउजवीकडे, पुढंमागं हलवा. जात्याच्या खुंट्याची परीक्षा ती हीच. हललं, तर त्या मशीनवर कितीही रंग मारलेला असो, परत ठेवा. नंतर चकात एक सरळ, नवी सळई घट्ट धरा. आम्ही १० मिलिमीटरची, वीतभर लांबीची सळई पिशवीतून नेली होती. तिच्या अगदी जवळ लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि वरची पुली हातानं हळूहळू फिरवायची. सळई आणि ठोकळा यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. एका बाजूला फट उघडते, दुसरीकडे मिटते असं दिसलं तर चक वाकडा फिरतोय. कधी चक बदलून भागतं, कधी आतला दांडाच वाकलेला असतो, आणि मग ते मशीन आपलं नव्हे.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत आवडते. जाड तार घ्या, तिला दोनदा काटकोनात वाकवा, म्हणजे एक टोक चकात उभं बसेल आणि दुसरं टोक लांबून टेबलाला खाली टेकेल. चक हातानं फिरवा. तारेचं टोक टेबलावर गोल फिरतं, पुढं, मागं, डावीकडे, उजवीकडे. सगळीकडे सारखंच घासलं तर टेबल बिटाशी काटकोनात आहे. एका बाजूला अधांतरी राहिलं तर टेबल कललंय. डावीउजवीकडचा कल बहुतेक मशीन्सवर बोल्ट सैल करून काढता येतो. पुढंमागं कललं असेल तर टेबलावर फळी ठेवून तिच्याखाली कागदाच्या घड्या सारत बसावं लागतं. दुकानदार विचारतो, “हे काय करताय?” सुतारताई त्याला म्हणाली, “गुण्या लावतेय.” त्यानंतर तो आमच्याशी बोलायला लागला.

आता भाव. आम्हाला तीन वाटा दिसल्या. एक, चीनहून येणारी हलकी टेबलावरची मशीन्स, सात-आठ हजारांपर्यंत. वजन इतकं कमी की एकटी बाई उचलेल, घरच्या प्लगवर चालतात. काही ठीक होती, काही जात्याच्या परीक्षेत नापास झाली, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच खोक्यातली, एकाच छापाची. म्हणून छाप बघून नाही, समोरचा नग बघून घ्यायचा. घरात बारीकसारीक काम असेल, महिन्याला शंभर भोकं असतील, तर यातलं पारखून घेतलेलं मशीन वाईट नाही, असं माझं मत आहे. दोन, आपल्याकडे राजकोटला ओतकामाची, बिडाची मशीन्स होतात ती. जड आणि थरथर कमी. पण भाव विचारताना एक शब्द नीट ऐका: “विदाउट मोटर”. आम्हाला साडेआठ हजार सांगितले तेव्हा आम्ही खूश झालो होतो. मोटर, पट्टा, स्विच वेगळा, म्हणजे साडेतेराच्या वर.

तिसरी वाट जुन्या मशीनची. एक फॅब्रिकेशनवाला धंदा बंद करत होता, त्याच्याकडे राजकोटचंच १३ चं मशीन होतं, सहा हजारांना. रंग उडालेला, टेबलावर भोकं पडून चाळण झालेली. टेबलाची चाळण ही मागच्या माणसाच्या सवयीची खूण असते, मशीनच्या तब्येतीची नव्हे. लाकूडकामात आपण तसंही टेबलावर एक फळी बोल्टनं आवळून ठेवतो, कारण खाली फळी असली की भोक पलीकडे निघताना लाकूड फाटत नाही. चक झिजला होता, तो आम्ही धरलाच नाही. पण खुंटा घट्ट होता. सळईच्या परीक्षेतला वाकडेपणा चकाचा होता, दांड्याचा नव्हता, हे आयटीआयच्या सरांनी येऊन डायल गेज लावून नक्की केलं. त्यांनी येण्याजाण्याचं भाडं घेतलं नाही, चहा घेतला.

एकच अडचण होती. मोटर थ्री फेजची. घरात सिंगल फेज. जुनं मशीन घेताना बायकाच काय, पुरुषही इथेच फसतात. वर्कशॉपमध्ये चालू करून दाखवतात, छान चालतं, आणि घरी आणल्यावर लावायला जागाच नाही. मोटरवरची पत्र्याची पाटी वाचा. ४१५ किंवा ४४० व्होल्ट लिहिलं असेल तर ती थ्री फेज. घरासाठी २३० ची, सिंगल फेज, अर्ध्या हॉर्सपॉवरची, १४४० फेऱ्यांची मोटर पुरते. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे पावणेचारशे वॅटच्या आसपास, मिक्सरपेक्षा कमी. हे मी मुद्दाम सांगते, कारण गटातल्या एकीची सासू म्हणत होती की लाइटबिलानं घर बुडेल.

सहा हजार मशीन, अडतीसशे मोटर, चौदाशे नवा चक, सातशे पट्टा आणि वायरिंग, नऊशे टेम्पो. बारा हजार आठशे. गटानं पंधरा हजार मंजूर केले होते. उरलेल्या बावीसशेत दोन क्लॅम्प, डोळ्यांवरचे दोन चष्मे आणि लाकडाची बिटं. बिटांवर हात आखडू नका. लोखंडाचं साधं बिट लाकडाच्या रेषेबरोबर वाहत जातं. मध्ये टोक असलेलं लाकडाचं बिट जिथं टेकवलं तिथंच उतरतं. मशीन पारखून आणायचं आणि त्यात जुनं बोथट बिट लावायचं म्हणजे चांगल्या पातेल्यात नासकं दूध.

मशीन आलं, मोटर बसली, सगळ्याजणी जमल्या, नारळ फुटला. (फोडायला दिला टेम्पोवाल्याला, सवय जात नाही.) बटण दाबलं, पहिलं भोक पाडायला घेतलं, आणि बिट आत जाईचना. लाकडाचा धूर निघायला लागला, काळा डाग पडला. सगळ्या गप्प. बैठकीत बोललेली ती बाई माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. वायरमन म्हणाला, मशीन जुनं आहे, फसवलं तुम्हाला. सुतारताई वाकून चकाकडे बघत होती. तिनं मशीन बंद करायला लावलं, परत चालू करायला लावलं, आणि म्हणाली, “उलटं फिरतंय हे. शिलाई मशीनचं चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो ना, तसं.” वरून बघितलं तर चक घड्याळाच्या काट्यांसारखा फिरायला हवा, तो उलट फिरत होता. वायरमननं मोटरच्या जोडणीतली दोन टोकं बदलली. पाच मिनिटांचं काम. दुसरं भोक लोण्यात सुरी गेल्यासारखं गेलं. त्या जळक्या भोकाची फळी तिनं टाकू दिली नाही. पडवीत खिळ्याला टांगली आहे.

वेगाबद्दल दोन शब्द. बारीक बिट जोरात, जाड बिट सावकाश. आठ मिलिमीटरच्या भोकाला मिनिटाला दीडदोन हजार फेऱ्या चालतात, ३५ च्या फॉर्स्टनरला पाचशेच्या आसपास ठेवा. वेग बदलायचा म्हणजे पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर. विकत घेण्याआधी तो स्वतः एकदा बदलून बघा. काही मशीन्सवर त्यासाठी पाना लागतो, बोटं चेंगरतात, आणि मग कुणी वेग बदलतच नाही. तसंच टेबल वरखाली करून बघा. आमचं दात्यांवर हँडलनं चढतं. काही स्वस्त मशीन्सवर ते अख्खं वजन हातानं उचलून धरावं लागतं, आणि ज्यांच्या कंबरेनं पाण्याचे हंडे वाहिलेत त्यांना मी ते घ्या म्हणणार नाही. मशीन ज्या बाकावर ठेवायचं त्याची उंचीही आपल्या मापाची करा. हँडल कोपराच्या उंचीला यावं. फॅब्रिकेशनवाल्याचा बाक त्याच्या उंचीचा होता, तो आम्ही चार इंच कापला.

आता काळजी. इथे मी थोडी कडक होणार आहे. पदर कमरेला घट्ट खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, वेणी अंबाड्यात, बांगड्या आणि मंगळसूत्र उतरवून डब्यात. मंगळसूत्रावरून आमच्याकडे दोन बैठका झाल्या. शेवटी एका सासूबाईंनीच सांगितलं की नवरा फिरत्या चकापेक्षा मोठा नाही. हातमोजे घालायचे नाहीत, हे ऐकून नवल वाटेल, पण मोज्याचं एक सूत चकात अडकलं की हात बोटांसकट ओढला जातो. चकाची चावी चकात विसरायची नाही. आम्ही ती प्लगच्या वायरीला बांधली आहे, प्लग काढल्याशिवाय चावी पोचतच नाही. लाकूड हातात धरायचं नाही, क्लॅम्पनं आवळायचं.

आणि अर्थिंग. सुतारताईच्या घरच्या बोर्डाचं वरचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं, आत तारच नव्हती. वायरमन म्हणाला, चालतं. नाही चालत. बिडाच्या मशीनला हात लावून, ओल्या अंगणालगत, अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाईला नाहीच चालत. परसात खड्डा खणला, पाइप, मीठ, कोळसा घातला. उन्हाळ्यात त्यात कळशीभर पाणी ओततो. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. हा खर्च मशीनच्या खर्चात धरला नव्हता, ती माझी चूक. तुम्ही धरा.

काळजीचं बोलताना कायद्याची एक गोष्ट आठवते. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २२ होतं. चालू यंत्राचे भाग साफ करायला, तेल घालायला, जुळवायला स्त्री किंवा अल्पवयीन व्यक्तीला लावू नये, असं त्यात होतं. चालू यंत्राला कुणीच हात घालू नये हे मला मान्य आहे. पण शिकलेल्या प्रौढ पुरुषाला घट्ट कपडे घालून ते करायची मुभा होती आणि प्रौढ बाईला पोरासोरांच्या रांगेत उभं केलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा मागे पडला. दुकानदाराच्या डोक्यातलं कलम कधी मागे पडेल ते मी सांगू शकत नाही.

शेवटची गोष्ट बिलाची. फॅब्रिकेशनवाल्यानं पावती लिहायला घेतली आणि विचारलं, “दादांचं नाव सांगा.” सुतारताईचा भाऊ त्या दिवशी आला होता, आणि त्याला वाटत होतं की पडवी त्याची, लाइटचं मीटर त्याच्या नावावर, तेव्हा पावतीही त्याचीच. तो भांडखोर नाही, बहिणीला त्यानं आधार दिला आहे. म्हणूनच अवघड होतं. मी बोलणार होते, पण या वेळी तोंड मिटून बसले. सुतारताई भावाला म्हणाली, “दादा, मीटर तुझं राहू दे. मशीन गटाचं लिही, आणि चालवणारी म्हणून खाली माझं नाव.” पावतीवर चालवणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत नाही, असं त्या माणसानं सांगितलं. ती म्हणाली, “आता लिहा.” त्यानं लिहिलं. ती पावती गटाच्या कपाटात आहे. पडवी वापरण्याबद्दल भावाशी साध्या कागदावर करार केला आहे, त्याची प्रत तिच्या वकील बाईंकडे दिली आहे. ती स्वतः कमावते हे कागद उद्या पोटगीच्या केसमध्ये नवरा तिच्याविरुद्ध वापरेल का, हा प्रश्न सकाळच्या सत्रातल्या वकील मैत्रिणींना मी विचारला आहे. त्यांचं उत्तर त्या तुम्हाला सांगतीलच, कारण हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळजणींचा आहे.

ती एकतीस फलकांची ऑर्डर पुन्हा दिली गेली, या खेपेला सगळे फलक घेतले गेले. लाकडाचं नुकसान अजून भरून यायचं आहे, दोन हप्ते बाकी आहेत.

मशीन मला इथे आणता आलं नाही. पण सळई, वाकवलेली तार, दोन प्रकारची बिटं आणि परत आलेल्या फलकांतला एक फलक आणला आहे. शेजारच्या गल्लीतल्या वर्कशॉपवाल्यानं जेवणानंतर अर्धा तास त्याचं ड्रिल बघू द्यायचं कबूल केलं आहे. ज्यांना हात लावून बघायचं आहे त्यांनी पदर खोचून, बांगड्या काढून तीन वाजता दाराशी यावं. त्याचा खुंटा ढिला आहे, मी सकाळीच बघून आले.